आधी डेक, मग टाकी: एका जुन्या ट्रॉलर बोटीचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका जोडप्याचं आहे. मी त्यांना दादा-वहिनी म्हणतो, इथेही तेच म्हणेन. नावं, बंदर, यार्ड आणि बोट विकणारा यांची ओळख त्यांच्याच सांगण्यावरून गाळली आहे. दादांचं आयुष्य बॉयलर आणि पंपांच्या देखभालीत गेलं, वहिनींचं हिशेब तपासण्यात. दोघंही पंधरा वर्षं मित्रांबरोबर शिडाच्या बोटीवर जात होते. दादांच्या गुडघ्यांनी शिडाचे दोर ओढायला नकार दिला, तेव्हा त्यांनी इंजिनवर चालणारी, संथ, आत राहता येईल अशी बोट शोधायला घेतली. वर्षातले चार महिने दोघांनीच बोटीवर राहायचं आणि किनाऱ्याकिनाऱ्यानं फिरायचं, एवढाच बेत होता. माझ्याकडे याच प्रकारची जुनी बोट बरीच वर्षं आहे. म्हणून पहिल्या तपासणीपासून शेवटच्या रंगापर्यंत मी बरेच दिवस त्यांच्या हाताशी होतो. यातल्या दोन चुकांना मीही जबाबदार आहे आणि त्या जिथल्या तिथे सांगितल्या आहेत.

ट्रॉलर म्हटलं की जाळं ओढणारी मासेमारी बोट डोळ्यांपुढे येते. या बोटींनी तिचं रूप घेतलं, काम नाही. उंच नाळ, रुंद पोट, तळाच्या मधोमध खोल आणि लांब कणा म्हणजे कील, ऐसपैस केबिन आणि कमी फेऱ्यांवर तासन्‌तास चालणारं डिझेल इंजिन. वेगाची अपेक्षा असेल तर या वाटेला जाऊ नये. अशी बोट चालताना स्वतःच लाट उठवते, आणि त्या लाटेची लांबी बोटीच्या पाण्यातल्या लांबीएवढी झाली की पुढे प्रत्येक पाव नॉट (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) चढण चढल्यासारखा महाग पडतो. १९व्या शतकात विल्यम फ्राउड यांनी छोट्या प्रतिकृती पाण्यात ओढून या लाटांचा अभ्यास केला होता. व्यवहारात हिशेब सोपा आहे. पाणरेषेची लांबी फुटांत घ्यायची, तिचं वर्गमूळ काढायचं आणि १.३४ ने गुणायचं. दादा-वहिनींनी घेतलेली बोट ३६ फुटांची आहे, पाणरेषा ३३ फुटांची. उत्तर येतं ७.७ नॉट. हा आकडा मान्य असेल तरच पुढचं सगळं जमतं.

दोन बोटी, एक निवड

यादी गाळत गाळत दोन बोटी उरल्या. पहिलीत दोन इंजिनं होती, आतली सजावट नवी होती, खिडक्या मोठ्या होत्या. दुसरी दहा वर्षांनी जुनी, १९७०च्या दशकाच्या शेवटी तैवानमध्ये बांधलेली. फायबरग्लासचा हल (बोटीचं बाहेरचं कवच), डेकवर सागवान, आणि एकच इंजिन: फोर्ड लेहमन, सहा सिलिंडर, १२० अश्वशक्ती. हे मुळात फोर्डचं व्यावसायिक वाहनांच्या घराण्यातलं डिझेल इंजिन. लेहमन कंपनीनं त्याला समुद्राच्या पाण्यावरचं कूलिंग आणि बाकीची जोडणी करून बोटीसाठी तयार केलं. त्या काळातल्या असंख्य ट्रॉलर बोटींत ते आहे, आणि म्हणूनच त्याचे सुटे भाग अजून मिळतात.

वहिनींचा कल पहिलीकडे होता आणि त्यांचं म्हणणं रास्त होतं. एक इंजिन बंद पडलं तर दुसऱ्यावर घरी येता येतं. दादा मात्र पहिल्या बोटीच्या इंजिनखोलीत उतरले आणि दहा मिनिटांत वर आले. दोन्ही इंजिनांच्या बाहेरच्या बाजूला हात घालायला जागाच नव्हती. पाण्याच्या पंपाचा इम्पेलर, म्हणजे आतलं पाणी ढकलणारं चक्र, बदलायचा तर पोटावर झोपून अंदाजानं बदलायचा. जिथे हात पोचत नाही तिथली देखभाल होत नाही, हे त्यांनी तीस वर्षं पाहिलं होतं. दुसऱ्या बोटीत एकुलत्या इंजिनाभोवती चारी बाजूंनी बसायला जागा होती, आणि पंखा (प्रोपेलर) व सुकाणू कीलच्या आड सुरक्षित होते. शेवटी वहिनींनीच दुसरी निवडली. ‘बंद पडलं तर तुम्हाला दुरुस्त करता येईल असं एक इंजिन मला पुरे,’ असं त्या म्हणाल्या. हा निर्णय मला आजही बरोबर वाटतो.

तपासणीत काय दिसलं, काय दिसूनही पाहिलं नाही

बोटीचा सर्व्हे आणि इंजिनाची तपासणी वेगवेगळ्या माणसांकडून करून घेतली. हलची नजर असलेल्या माणसाला इंजिनाचा कान असतोच असं नाही, म्हणून दोन्ही खर्च करावेत.

इंजिन पाहायला गेलो तेव्हा ते गरम होतं. विकणाऱ्यानं आमच्यासाठी आधीच चालू करून ठेवलं होतं. त्यात वाईट हेतू होता असं मी म्हणणार नाही, पण जुनं डिझेल इंजिन थंड असतानाच खरं बोलतं. आम्ही त्या दिवशी परतलो आणि दुसऱ्या दिवशी पहाटे, ब्लॉकला हात लावून तो गार असल्याची खात्री करून, पुन्हा चालू करायला लावलं. दुसऱ्या फेऱ्यात इंजिन लागलं, अर्धा मिनिट पांढरा धूर आला आणि गेला. निळा धूर नाही, काळा नाही. मग समुद्रावर पूर्ण थ्रॉटल. या इंजिनानं मिनिटाला २,५०० फेरे गाठायला हवेत. काटा २,२५० वर अडला आणि आठव्या मिनिटाला तापमान चढू लागलं. बोट पाण्याबाहेर काढल्यावर पहिल्याचं कारण दिसलं: पंख्यावर आणि तळावर कालवांचा जाड थर. दुसऱ्याचं कारण हीट एक्स्चेंजरमध्ये, म्हणजे समुद्राच्या पाण्यानं इंजिन थंड ठेवणाऱ्या भागात, साचलेला क्षार. दोन्ही बरे होणारे आजार. ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत पाठवला, त्यात कूलिंगच्या पाण्याचा अंश नव्हता. एका नमुन्यावरून इंजिनाची प्रकृती कळत नाही, पण ऑइलमध्ये पाणी उतरत असेल तर तेवढं कळतं.

हलच्या तळाला पाणरेषेखाली थोडे फोड होते, मटारएवढे. सर्व्हेअरनं दोन फोडून पाहिले. ते वरच्या थरातच होते. सगळा तळ सोलून काढायची गरज नाही, असं त्यांचं मत पडलं आणि ते खरं ठरलं. पाणी आत घेणाऱ्या झडपांपैकी दोन सीकॉक (हलमधल्या भोकासाठीच बनवलेल्या समुद्री झडपा) नव्हतेच, घरातल्या नळाला असतात तसे पितळी गेट व्हॉल्व्ह होते. एक खरवडल्यावर धातू पिवळ्याऐवजी गुलाबी दिसला. समुद्राचं पाणी पितळातलं जस्त खाऊन टाकतं आणि उरतं ते ठिसूळ तांब्याचं जाळं. असा व्हॉल्व्ह बंद करायला जावं तर हातात येतो आणि पाणरेषेखाली उघडं भोक राहतं. बोट यार्डात होती तेव्हाच ते दोन्ही काढून ब्रॉन्झचे सीकॉक बसवले.

आता चूक. अहवालाच्या मध्यावर एक ओळ होती: डेकच्या गाभ्यात काही ठिकाणी ओल संभवते, सागवान काढल्याशिवाय व्याप्ती सांगता येणार नाही. सर्व्हेअरनं प्लॅस्टिकच्या हातोडीनं डेक ठोकताना मी शेजारी उभा होतो. बहुतेक ठिकाणी टणक आवाज येत होता, उजव्या बाजूच्या चिंचोळ्या डेकवर मात्र ओल्या पुठ्ठ्यावर मारल्यासारखा. ओल मोजणारा मीटरही वर गेला. मी म्हणालो की सागवान स्वतःच ओलं असतं, मीटर त्यावर फसतो. हे खरं आहे. पण हातोडीचा आवाज फसत नाही, आणि तो मी ऐकला होता. आम्ही हीट एक्स्चेंजर आणि सीकॉकवर किंमत कमी करून घेतली. डेकबद्दल कोणी बोललं नाही.

इंधनाच्या टाक्यांचंही तसंच झालं. इंजिनाच्या दोन्ही बाजूंना साध्या लोखंडी पत्र्याच्या दोन टाक्या, प्रत्येकी साडेसातशे लिटरच्या आसपास. समोरची बाजू ताज्या पांढऱ्या रंगात चकचकीत होती. बाकीच्या पाच बाजू दिसत नव्हत्या.

कामांचा पहिला क्रम

वहिनींच्या वहीत दुरुस्तीसाठी खरेदीच्या रकमेचा एक तृतीयांश बाजूला ठेवलेला होता, वेळ सहा महिने. पहिल्या पावसाळ्याआधी पुढची कामं झाली: हीट एक्स्चेंजर, होज, इम्पेलर, नवा फ्रिज, लिथियम बॅटऱ्या, छताला आतून नवी पॅनेलं, गाद्या, आणि केबिनमधल्या लाकडाला व्हार्निशचे सहा हात.

हा क्रम का लागला ते समजण्यासारखं आहे. नवी बोट आपली वाटावी असं माणसाला वाटतं, आणि आतलं काम केलं की संध्याकाळी त्याचं सुख मिळतं. डेकखालच्या ओलीचं काम करून संध्याकाळी हाती फक्त कुजका भुगा लागतो. दादांनीच मला हे नंतर सांगितलं. त्यात त्यांची जिद्द कमी नव्हती, कामाचा क्रम चुकला.

बॅटऱ्यांबद्दल थोडं, कारण ही चूक सर्रास होते. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी मिळेल तेवढा करंट शेवटपर्यंत ओढत राहते. जुनी लेड बॅटरी भरत आली की आपणहून कमी घेते, त्यामुळे इंजिनावर फिरून वीज बनवणाऱ्या जुन्या अल्टरनेटरला श्वास मिळतो. नव्या बॅटरीवर तो तासभर पूर्ण भारावर राहिला आणि वास येऊ लागला. दादांनी हात लावला आणि इंजिन बंद केलं, म्हणून तो वाचला. पुढे मध्ये डीसी-टू-डीसी चार्जर घातला: अल्टरनेटर स्टार्टिंगची लेड बॅटरी भरतो आणि तिथून मर्यादित करंट लिथियमकडे जातो. बॅटरीची संरक्षक यंत्रणा अचानक तुटली तरी अल्टरनेटरचे डायोड जळत नाहीत, हा दुसरा फायदा. त्याच वेळी प्रत्येक बॅटरीच्या धन टोकाजवळ, सात इंचांच्या आत, फ्यूज बसवले. आधीच्या मालकाचा पहिला फ्यूज दोन मीटर लांब होता, म्हणजे मधली दोन मीटर जाड तार कुठे घासली असती तर ती तोडणारं काहीच नव्हतं.

दोन तासांवरची घटना

पहिल्याच मोसमात, बंदर सोडून दोन तास झाले होते. बाजूनं येणारी लाट होती, फार मोठी नाही, पण बोट चांगली डोलत होती. इंजिनाचा सूर एकदम खाली आला, वर गेला, पुन्हा खाली आला आणि थांबला. एक इंजिनवाल्या बोटीवरची ती शांतता ज्यांनी ऐकली आहे त्यांना सांगायला नको. इंजिन थांबलं की अशी बोट लाटेला आडवी होते आणि डोलणं दुप्पट वाढतं.

वहिनींनी खोली पाहिली: बारा मीटर. त्या पुढे गेल्या, नांगर टाकला, साखळी मोजून सोडली आणि बोट लाटेला तोंड करून उभी राहिली. या प्रकरणातला सगळ्यात चांगला निर्णय तो होता आणि तो कोणाला न विचारता झाला. दादा खाली गेले. इंधन फिल्टरच्या काचेच्या वाटीत काळा गाळ आणि खाली पाण्याचा थर. वर्षानुवर्षं टाकीच्या तळाशी निजलेला गाळ त्या डोलण्यानं उठला होता. फिल्टर बदलला, पण इंजिन लागेना, कारण नळ्यांमध्ये हवा शिरली होती. या इंजिनात फिल्टरवरचे आणि पंपावरचे स्क्रू क्रमानं सैल करून, हातानं लिफ्ट पंप मारत हवा काढावी लागते. दादांना तत्त्व माहीत होतं, स्क्रू कुठे आहेत ते माहीत नव्हतं. पन्नास मिनिटं गेली. गरम इंजिनावर, डिझेलच्या वासात, डोलत्या बोटीत पन्नास मिनिटं.

ते नीट परत आले. दुसऱ्या दिवशी मला फोन आला.

खरी अडचण

टाकीचा मापक काढून त्या भोकातून कॅमेरा आत सोडला. तळाला खड्डे पडले होते. ते अपेक्षित होतं. पण आरसा धरून टाकीचा वरचा पत्रा पाहिला तेव्हा तिथे गंजाचे पापुद्रे होते, बाहेरून. टाकी आतून जेवढी खराब झाली नव्हती, तेवढी वरून झाली होती. म्हणजे पाणी वरून ठिबकत होतं, टाकीच्या सपाट पाठीवर साचत होतं आणि पत्रा खात होतं. त्यातलंच काही डेकवरच्या इंधन भरणीच्या तोंडातून आत उतरून इंधनात मिसळत होतं.

मी सर्व्हेअरला फोन केला. ते एवढंच म्हणाले, ‘टाकीचं नंतर बघा. तिच्यावर पाणी कुठून येतंय ते आधी शोधा.’

मग ती परीक्षा केली जी खरेदीआधी करायला हवी होती. बागेला पाणी घालायचा साधा पाइप घेतला. दादा बाहेर खालून वर जात एकेका हातभर जागेवर दहा-दहा मिनिटं पाणी सोडत राहिले. वहिनी आत टॉर्च आणि खडू घेऊन. खालून वर जायचं, कारण वरून सुरू केलं तर पाणी कुठून शिरलं ते कळत नाही. नवी पॅनेलं काढावी लागली. संध्याकाळपर्यंत नऊ खुणा झाल्या: दोन्ही इंधन भरणीच्या कडांखाली, उजव्या डेकवर चार ठिकाणी, पुढे नांगराच्या यंत्राखाली, आणि डाव्या-उजव्या सरकत्या खिडक्यांखाली. खिडक्यांचं कारण सोपं होतं. लाकडी चौकटीतल्या खालच्या खाचेतून पाणी बाहेर जायची भोकं कधीतरी कुणीतरी सीलंटनं बुजवली होती.

डेकचं कारण बांधणीतच होतं. त्या काळी फायबरग्लासच्या दोन थरांमध्ये प्लायवूडचा गाभा घालत आणि वरून सागवानाच्या पट्ट्या स्क्रूनं आवळत. प्रत्येक स्क्रू वरचा थर भेदून गाभ्यात जातो. पट्ट्यांमधलं काळं सीलंट तरुण असेतो चालतं. ते सुटलं की तो प्रत्येक स्क्रू पाण्याला आत न्यायची वाट होतो, आणि अशा डेकवर स्क्रू शेकड्यांनी असतात.

आमच्यापुढे होती ती एकच अडचण होती. फिल्टर, टाकी, गंजलेला पत्रा, पॅनेलांवरचे डाग, सगळं त्या डेकपाशी येऊन थांबत होतं. आणि आम्ही सहा महिने डेकच्या खालचं सजवत होतो.

समोरचे पर्याय

डेकसाठी तीन वाटा होत्या. पट्ट्यांमधलं सीलंट खरवडून नवं भरायचं आणि स्क्रूंवरच्या लाकडी टिकल्या बदलायच्या. काम कमी, पण ओला गाभा तसाच झाकला जातो. दुसरी: सागवान पूर्ण काढायचं, कुजका गाभा बदलायचा, वर ग्लासचा नवा थर आणि न घसरणारा रंग. तिसरी: हे सगळं करून वर नवं सागवान, यावेळी स्क्रूशिवाय चिकटवलेलं. दादांना सागवान सोडवत नव्हतं. त्या लाकडामुळेच त्यांचा जीव या बोटीवर जडला होता. दोन आठवडे यावर बोलणं झालं. शेवटी वहिनींनी हिशेब समोर ठेवला: तिसऱ्या वाटेचा खर्च दुसरीच्या जवळजवळ दुप्पट, आणि टाक्यांचं काम अजून बाकी. दुसरी वाट ठरली. काढलेल्या सागवानातलं चांगलं निवडून केबिनच्या पायऱ्या आणि टेबल करायचं, असं ठरल्यावर दादांचा चेहरा जरा उजळला.

टाक्यांसाठी चार. तशाच ठेवून इंधन वारंवार गाळत राहायचं. आतून लेप द्यायचा. इंजिन उचलून बाहेर काढून टाक्या अखंड बाहेर घ्यायच्या. किंवा टाक्या जागच्या जागी कापून तुकड्यांनी काढायच्या आणि दारातून मावतील अशा लहान टाक्या बसवायच्या. लेपाला मी विरोध केला. गंज बाहेरून होता आणि लेप आतून लागणार होता. इंजिन उचलायचं तर मुख्य केबिनचा तळ, शाफ्टची जोडणी, एक्झॉस्ट सगळं उघडावं लागणार, तेही इंजिन उत्तम चालत असताना. चौथी वाट उरली, पण तिच्यात क्षमता कमी होणार होती.

इथे वहिनींची वही कामाला आली. पहिल्या मोसमात त्यांनी प्रत्येक प्रवासाचं डिझेल लिहून ठेवलं होतं. साडेसहा नॉटला तासाला पाच लिटर, सातला सात, आठला तेरा. म्हणजे सात नॉटनं चाललं तर एका सागरी मैलाला एक लिटर. चार लहान टाक्या मिळून हजार लिटर. वीस टक्के राखीव ठेवले तरी आठशे सागरी मैल. त्यांचा सगळ्यात लांबचा टप्पा दीडशे मैलांच्या पुढे जाणार नव्हता. जुन्या दीड हजार लिटरांची गरजच नव्हती. उलट जास्त इंधन जास्त दिवस पडून राहतं आणि त्यात पाणी व शेवाळासारखी वाढ होते.

प्रत्यक्ष काम

बोट पाण्याबाहेर काढून तिच्यावर तंबू उभारला. तंबूवर पैसे कशाला, असं दादांना आधी वाटलं होतं, पण उघड्यावर डेक कापून ठेवलेली बोट एका पावसात पुन्हा भिजते.

सागवान काढायला नऊ दिवस लागले. मग वरच्या ग्लासच्या थराएवढीच खोली ठेवून करवत चालवली आणि तो थर झाकणासारखा उचलला. उजव्या बाजूचं प्लायवूड हातानं काढता येत होतं, चहाच्या चोथ्यासारखं. डावीकडे फक्त भरणीभोवती. पुढच्या डेकचा दोन तृतीयांश भाग कोरडा निघाला, तिथे फक्त स्क्रूची भोकं रुंद करून घट्ट केलेल्या इपॉक्सीनं भरली. हा फरक आधी कळला असता तर खर्चाचा अंदाज निम्मा चुकला नसता. एक-दोन स्क्रू काढून भोकातून येणारा भुसा कोणत्या रंगाचा आहे एवढं पाहिलं असतं तरी तो कळला असता.

नवा गाभा फोमचा. त्यात क्लीट (दोर बांधायचे खुंट) आणि कठड्याच्या खांबांखाली फोमऐवजी भरीव ग्लासचे तुकडे घातले. जिथे कुठे पुन्हा बोल्ट जाणार तिथे आधी मोठं भोक पाडायचं, ते इपॉक्सीनं भरायचं, सुकल्यावर त्याच्या मधोमध बोल्टच्या मापाचं भोक पाडायचं. उद्या सीलंट गळलं तरी पाणी इपॉक्सीलाच भेटतं, गाभ्याला नाही. इपॉक्सी सुकताना वर मेणचट थर येऊ शकतो. तो साध्या पाण्यानं घासून धुतल्याशिवाय पुढचा हात धरत नाही. हे आम्ही एका शनिवारी विसरलो आणि रविवारचं काम सोमवारी सोलून काढलं.

डेक बंद होऊन पुन्हा पाइपनं पाणी मारून पाहिल्यावरच टाक्यांना हात लावला. डिझेल काढलं, टाक्या धुतल्या, वाफ उरली नाही याची वायुमापकानं खात्री केली, आणि ठिणग्या उडवणाऱ्या ग्राइंडरऐवजी हळू चालणाऱ्या करवतीनं, साबणाचं पाणी मारत कापल्या. हे काम दादांनी स्वतः करायचं ठरवलं होतं. मी हट्टानं यार्डच्या अनुभवी माणसाकडे दिलं. नव्या टाक्या ॲल्युमिनियमच्या. ॲल्युमिनियम ओल्या लाकडावर किंवा फोमवर टेकलं की तिथेच खाल्लं जातं, म्हणून त्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवर, चोहोबाजूंनी हवा खेळेल अशा बसवल्या. प्रत्येकीला हात जाईल एवढं तपासणीचं झाकण आणि तळातून गाळ काढायची सोय. बसवण्याआधी तीन पीएसआय दाबाची हवा भरून सांधे साबणाच्या फेसानं पाहिले. एका सांध्यावर बुडबुडे आले, टाकी परत गेली.

फिल्टर दोन, समांतर, मध्ये फिरवायची झडप आणि वर निर्वात मापक. काटा चढू लागला की इंजिन चालू असतानाच दुसऱ्या फिल्टरवर जाता येतं. हवा काढायच्या स्क्रूंना दादांनी लाल रंग दिला आणि बंदरात उभं राहून, डोळ्यांना पट्टी बांधून दोनदा सराव केला. वहिनींनीही केला.

इंजिनाचं एक काम बारीक आहे पण सांगायला हवं. या १२० अश्वशक्तीच्या लेहमनमध्ये इंजेक्शन पंपाचं ऑइल इंजिनापासून वेगळं असतं आणि ते दर पन्नास तासांनी बदलायचं असतं. त्यात डिझेल झिरपतं. दादांनी काढलं तेव्हा ते पाण्यासारखं पातळ होतं. किती वर्षं तसं होतं, देव जाणे.

निकाल

सहा महिन्यांचं काम एकोणीस महिन्यांत झालं. खर्च खरेदीच्या रकमेच्या एक तृतीयांशाऐवजी जवळजवळ तेवढाच झाला. वहिनींच्या वहीत ‘दोनदा’ नावाचा एक रकाना आहे: काढून पुन्हा बसवलेली पॅनेलं, डागाळलेल्या गाद्या, पुन्हा दिलेलं व्हार्निश, जागा बदललेल्या वायरी. एकूण खर्चाचा सहावा हिस्सा त्या रकान्यात आहे.

बोट आता दोन मोसम चालली आहे. साडेचारशे तासांत इंधनामुळे इंजिन एकदाही थांबलेलं नाही. पूर्ण थ्रॉटलला २,४५० फेरे येतात, तापमान स्थिर राहतं. पाचशे लिटर डिझेल कमी म्हणजे सव्वाचारशे किलोच्या आसपास वजन कमी. ते खालचं वजन होतं, त्यामुळे डोलण्याचा ताल किंचित बदलला आणि मागची बाजू दोन बोटं वर आली. काढलेल्या टाक्यांच्या जागी तळाशी सुटे भाग आणि जादा साखळी नेऊन ठेवल्यावर बरंचसं जमलं.

पुन्हा करायचं तर

बोट घेतली ते चुकलं, असं आम्हा तिघांनाही वाटत नाही. हल आणि इंजिन चांगलं होतं, आणि जुन्या बोटीत बदलायला सगळ्यात अवघड तेच. पण डेक आणि टाक्या बदलायच्याच आहेत असं धरून किंमत बोलायला हवी होती. तसं बोललो असतो तर कदाचित सौदा झाला नसता, आणि तेही चाललं असतं. सर्व्हेचा अहवाल हाती आल्यावर त्यात ‘संभवते’, ‘सांगता येणार नाही’ असं जिथे जिथे लिहिलं आहे तिथे पेन्सिलनं खूण करायची आणि त्या प्रत्येक खुणेवर विकणाऱ्याशी बोलायचं, हे मी आता सगळ्यांना सांगतो. ते शब्द लिहिणाऱ्या माणसानं आपलं काम केलेलं असतं.

पाइपची परीक्षा खरेदीच्या आधी, विकणाऱ्याच्या परवानगीनं करायची. तिला एक दुपार लागते. विकणारा नाही म्हणाला तर त्याचीही नोंद करायची.

पहिल्या मोसमात बुडण्यापासून, जळण्यापासून आणि बंद पडण्यापासून वाचवणारी कामं सोडून काही करू नये, असं माझं मत आहे. दादा इथे सहमत नाहीत. फ्रिज आणि गाद्या आधी झाल्या म्हणूनच आपण दोघं त्या एकोणीस महिन्यांत टिकलो, असं ते म्हणतात. तंबूखाली दिवसभर भुगा काढल्यावर संध्याकाळी बसायला एक नीट कोपरा होता. वहिनी यावर काही बोलत नाहीत. गाद्यांचा खर्च त्यांनी दोन्ही रकान्यांत अर्धा-अर्धा लिहिला आहे.

डाव्या खिडकीतून अजून जोराच्या तिरप्या पावसात थेंब येतो. खाली खडूची खूण आहे, बाजूला तारीख. चौकट यंदा बोट पाण्याबाहेर काढली की उतरवायची आहे, आणि तोवर तिच्याखालच्या पॅनेलला व्हार्निश लावायचं नाही असं ठरलं आहे.